संकेतस्थळांचे स्थित्यंतर : जुन्या पानांकडून नव्या चौकटीकडे

शासकीय कार्यालये, विद्यापीठे, बँका, वृत्तपत्रे यांची संकेतस्थळे जगभर उभी राहिली ती मुख्यतः १९९५ नंतरच्या दहा वर्षांत. त्या काळी जी साधने हाताशी होती, त्यांतूनच ती उभारण्यात आली. त्यानंतर रंग बदलले, छायाचित्रे बदलली, मुखपृष्ठावर नवी बोधचिन्हे आली. परंतु आतील यंत्रणा पुष्कळ ठिकाणी होती तशीच राहिली. चालू असलेली गोष्ट बदलण्याची निकड सहसा कोणाला भासत नाही. अर्ज भरला जातो, यादी दिसते, पावती छापली जाते, तोवर सारे ठीक आहे असे मानण्यात येते. वस्तुतः या चालू पानांच्या पोटात काय आहे, याची माहिती ज्या संस्थेची ती पाने आहेत, तिलाच अनेकदा नसते. जुनी आज्ञावली बाजूला सारून नवी आणण्याचा प्रश्न त्यामुळे केवळ तंत्रज्ञांचा न राहता कार्यालयप्रमुखांचा, शाळांचा आणि पंचायतींचाही होतो.

पान कसे तयार होते?

एखादा नागरिक आपल्या संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर संकेतस्थळाचा पत्ता लिहितो, तेव्हा त्याची मागणी दूरच्या एका संगणकाकडे जाते. त्याला सर्व्हर म्हणतात. पान अगोदरच लिहून ठेवलेले असेल तर सर्व्हर ते जसेच्या तसे पाठवितो. परंतु परीक्षेचा निकाल, अर्जाची सद्यःस्थिती, लाभार्थ्यांची यादी अशा गोष्टी अगोदर लिहून ठेवता येत नाहीत. मागणी येताच माहितीचा साठा, म्हणजे डेटाबेस, उघडून त्यातून हवी ती नोंद काढावी लागते व त्या क्षणी पान रचावे लागते. सर्व्हरवर हे काम करणाऱ्या आज्ञांना सर्व्हरकडील स्क्रिप्ट असे म्हणतात.

याचा पहिला सर्वमान्य मार्ग १९९३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या महासंगणन केंद्रातून पुढे आला. सीजीआय या नावाने तो ओळखला जातो. पर्ल भाषेत लिहिलेल्या लहान आज्ञावल्या त्यात प्रत्येक मागणीला नव्याने सुरू होत आणि काम संपताच थांबत. १९९५ साली रॅस्मस लेर्डॉर्फ यांनी पीएचपीची पहिली आवृत्ती सर्वांसाठी खुली केली. इंटरनेटवर ठेवलेले आपले परिचयपत्र कितीजण पाहतात हे मोजण्यासाठी त्यांनी ती साधने मुळात तयार केली होती. पाठोपाठ १९९६ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टची एएसपी ही पद्धती आली. तिच्यातील आज्ञा बहुधा व्हीबीस्क्रिप्ट या भाषेत लिहिल्या जात.

पीएचपी व एएसपी या दोहोंची कल्पना एकच : पानाच्या मजकुरातच, ठरावीक खुणांच्या आत, आज्ञा लिहावयाच्या. शीर्षक, मग आज्ञा, मग तक्ता, पुन्हा आज्ञा. थोडेसे शिकलेला कोणीही मनुष्य आठवडाभरात चालते पान उभे करू शके. या सोपेपणाचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. लहान संस्थांना इंटरनेटवर येता आले ते त्यामुळेच.

एकाच टेबलावरील कारभार

दोषही त्याच सोपेपणात दडलेला होता. एखाद्या कार्यालयात एकाच कर्मचाऱ्याने टपाल स्वीकारावे, नियम तपासावा, कपाटातून नस्ती काढावी, निर्णय द्यावा आणि उत्तराचा कागदही त्यानेच लिहावा, तशी ही रचना होती. काम थोडे असेपर्यंत ती सोयीची असते. काम वाढले की कोणता निर्णय कोणत्या नियमाखाली झाला हे त्या एका व्यक्तीवाचून कोणालाच सांगता येत नाही.

समजा, शिष्यवृत्तीच्या अर्जाचे असे एक जुने पान आहे. पालकांच्या उत्पन्नाची कमाल मर्यादा त्या पानाच्या आज्ञांत आकड्याने लिहिलेली आहे. तोच आकडा छाननीच्या पानात आहे, यादीच्या पानात आहे आणि पावतीच्या पानातही आहे. पुढे मर्यादा वाढते. आज्ञावली सांभाळणारा तीन पानांत दुरुस्ती करतो, चौथे त्याच्या नजरेतून सुटते. अर्ज घेतला जातो, पावती मिळते, आणि पात्र विद्यार्थ्याचे नाव यादीत मात्र येत नाही. चूक कोठे झाली हे ना विद्यार्थ्याला कळते, ना लिपिकाला. शासन निर्णयातील शब्द एक आणि पानातील आकडा दुसरा, अशी ही विसंगती वर्षानुवर्षे चालू राहू शकते. कारण पानातील आज्ञा वाचण्याची कोणावरच जबाबदारी नसते.

याहून गंभीर धोका सुरक्षिततेचा आहे. जुन्या पानांत डेटाबेसला विचारावयाचा प्रश्न हा शब्दांना शब्द जोडून तयार करण्यात येई. “ज्याचे नाव अमुक आहे त्याची नोंद द्या” या वाक्यातील “अमुक”च्या जागी नागरिकाने भरलेला मजकूर जसाच्या तसा बसविला जाई. आता नावाच्या रकान्यात कोणी नावाऐवजी “कोणीही असो, आणि सर्व नोंदी द्या” अशा अर्थाची आज्ञाच लिहिली तर? भोळा शिपाई हाती आलेला कागद वरिष्ठांचा हुकूम समजून अभिलेख-कक्षाचे कुलूप उघडतो, तसेच डेटाबेस करतो. या हल्ल्याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. त्याची जाहीर चर्चा १९९८ पासून होत आली आहे. २००८ साली एएसपीच्या जुन्या पानांना लक्ष्य करून असे हल्ले जगभर यंत्रवत् घडविण्यात आले होते.

ब्रिटनमधील टॉकटॉक या दूरध्वनी व इंटरनेट कंपनीचे प्रकरण या संदर्भात मुद्दाम लक्षात घेण्याजोगे आहे. या कंपनीने २००९ साली तिस्काली या दुसऱ्या कंपनीचा ब्रिटनमधील व्यवसाय विकत घेतला. त्या व्यवहाराबरोबर काही जुनी पानेही तिच्याकडे आली. ती चालू आहेत, आणि त्यांतून ग्राहकांच्या माहितीपर्यंत वाट जाते, याची कंपनीला दखलच नव्हती. ऑक्टोबर २०१५ मध्ये अशा तीन पानांवर एसक्यूएल इंजेक्शनचा हल्ला झाला व १,५६,९५९ ग्राहकांची माहिती हल्लेखोरांच्या हाती लागली. त्यांपैकी १५,६५६ जणांच्या बँक खात्यांचे क्रमांकही त्यात होते. पानांमागील डेटाबेसची आज्ञावली कालबाह्य झालेली होती आणि तिच्यातील दोषावरचा उपाय २०१२ सालीच उपलब्ध झाला होता. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीला चार लाख पौंड दंड केला. हल्ल्याची पद्धत नवी नव्हती, ती रोखण्याचा उपायही नवा नव्हता. आपल्या ताब्यात कोणती पाने आहेत याची यादी मात्र कंपनीकडे नव्हती.

चौकट म्हणजे काय?

पान जसे वाढत गेले, तसे प्रत्येक ठिकाणी तेच तेच काम पुन्हा लिहावे लागते हे आज्ञावलीकारांच्या ध्यानात आले. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे एक शहर आहे. तेथील ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या कचेरीत २००३ साली एड्रियन होलोव्हाटी व सायमन विलिसन हे दोघे पीएचपी सोडून पायथन भाषेकडे वळले. वृत्तपत्राच्या कामाला उसंत नसते. सकाळी कल्पना निघावी आणि संध्याकाळी ती वाचकांपुढे यावी, अशी तेथील अपेक्षा. म्हणून दर वेळी लागणारे सामायिक काम त्यांनी एकदाच नीट लिहून बाजूला काढले. जुलै २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुले करण्यात आले. तेच आजचे जँगो. जँगो राइनहार्ट या गिटारवादकाच्या नावावरून हे नाव ठेवण्यात आले. त्याच सुमारास, २००४ साली, डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन यांनी रूबी भाषेतील रेल्स प्रसिद्ध केले. तेही एका चालत्या व्यवसायाच्या आज्ञावलीतूनच वेगळे काढलेले होते. या दोन्ही चौकटी प्रत्यक्ष कामाच्या रेट्यातून जन्मल्या, आणि त्यांच्या टिकण्याचे एक कारण हेच असावे.

अशा सिद्ध सामायिक भागाला फ्रेमवर्क, अर्थात चौकट, म्हणतात. चौकटीत कामाची वाटणी ठरलेली असते. आलेली मागणी कोणाकडे जावी हे एका ठिकाणी लिहिलेले असते, जणू आवक बारनिशी. माहिती कशी साठवावी व तिचे नियम कोणते, हे दुसऱ्या ठिकाणी. पान कसे दिसावे, हे तिसऱ्या ठिकाणी. ही विभागणी नॉर्वेचे त्रिग्वे रेन्सकॉग यांनी १९७९ साली, वेबचा जन्म होण्यापूर्वीच, मांडली होती. उत्पन्नमर्यादेचा आकडा या रचनेत एकाच जागी राहतो. तो बदलला की अर्ज, छाननी, यादी, पावती सर्वत्र बदलतो.

नागरिकाने भरलेला मजकूर डेटाबेसच्या प्रश्नात न मिसळता बंद पाकिटातून वेगळा पाठविण्याची व्यवस्था चौकटीत पूर्वापार बसविलेली असते. पाकिटावरचा मजकूर हुकूम म्हणून वाचला जात नाही. जुन्या भाषांतही अशी व्यवस्था करता येत होती, नाही असे नाही. परंतु ती लिहिणाऱ्याच्या आठवणीवर अवलंबून असे. चौकटीत ती न करण्यासाठी मुद्दाम खटपट करावी लागते. डेटाबेसच्या रचनेत झालेला प्रत्येक बदल क्रमवार नोंदविला जातो हाही मोठा लाभ आहे. चार वर्षांनी आलेल्या नव्या माणसाला कोणता रकाना केव्हा वाढविण्यात आला हे त्यावरून कळते.

जुनी भाषा टाकलीच पाहिजे काय? नाही. पीएचपी आजही जगात मोठ्या प्रमाणावर वापरात आहे व तिच्यातच सिम्फनी, लाराव्हेल यांसारख्या उत्तम चौकटी उपलब्ध आहेत. टाकावयाची आहे ती जुनी आवृत्ती व जुनी रचना. पीएचपीच्या ५.६ या आवृत्तीला सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे ३१ डिसेंबर २०१८ रोजी थांबले. त्या काळातील पानांत डेटाबेसशी बोलण्यासाठी सर्रास वापरलेल्या काही आज्ञा २०१५ च्या अखेरीस आलेल्या सातव्या आवृत्तीतून काढूनच टाकण्यात आल्या. म्हणून केवळ भाषेची आवृत्ती बदलली की ती पाने बंद पडतात. जुन्या एएसपीची स्थिती अधिक बिकट आहे. तिच्याऐवजी मायक्रोसॉफ्टने २००२ सालीच एएसपी डॉट नेट आणले. ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हीबीस्क्रिप्ट भाषाच कालबाह्य ठरविल्याचे तिने जाहीर केले असून विंडोजमधून ती टप्प्याटप्प्याने काढून घेण्यात येणार आहे. जी पाने या भाषेवर उभी आहेत, त्यांचा निर्णय लांबणीवर टाकण्यास आता फारसा वाव नाही.

मराठी मजकुराची अडचण

स्थित्यंतरात मराठी संकेतस्थळांपुढे एक जास्तीचे काम असते, आणि निविदांच्या मसुद्यांत त्याला पुरेशी जागा मिळत नाही. युनिकोड प्रचारात येण्यापूर्वी मराठी मजकूर विशिष्ट फाँटमध्ये लिहिला जाई. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसविलेली असत. फाँट असेल तर मराठी दिसे, नसेल तर निरर्थक चिन्हांची रांग. डेटाबेसमध्ये साठविलेली असे ती ही रांगच. शोधयंत्राला ती सापडत नाही, आणि अंध वाचकांना पान वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीला ती वाचता येत नाही.

असा मजकूर युनिकोडमध्ये नेणे म्हणजे अक्षरामागे अक्षर बदलणे नव्हे. जुन्या फाँटमध्ये ‘शिक्षण’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी व ‘श’ नंतर साठविला जाई, कारण डोळ्यांना ती तशी दिसते. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे आधी ‘श’ व मग वेलांटी. ‘वर्ग’ मधील रफार जुन्या पद्धतीत ‘ग’ नंतर, तर नव्या पद्धतीत ‘ग’च्या आधी येतो. शिवाय फाँट निराळा की तक्ता निराळा. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातील अर्धा ‘ऱ’ तर युनिकोडमध्येही दोन प्रकारे लिहिता येतो. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, पण एका प्रकारे शोधल्यास दुसऱ्या प्रकारे लिहिलेली नोंद हाती लागत नाही. नावांच्या याद्यांमध्ये याचा परिणाम काय होत असेल हे सांगावयास नको. आडनावात ‘ऱ्हा’ असलेली व्यक्ती यादीत असून नसल्यासारखी होते.

मोजमापही बदलते. ‘महाराष्ट्र’ या शब्दात वाचकाला चार अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबी ती दहा चिन्हे आहेत, आणि प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीने साठविताना ती तीस बाइट जागा घेतात. जुन्या डेटाबेसमध्ये नावासाठी पन्नास बाइटांचा रकाना असेल, तर नवा मजकूर त्यात मावत नाही व नाव मध्येच तुटते. रकान्याचा प्रकार चुकला तर देवनागरीच्या जागी केवळ प्रश्नचिन्हे उमटतात. ती नुसती दिसत नाहीत, तशीच साठविली जातात. मूळ प्रत ठेवलेली नसेल तर तो मजकूर परत मिळत नाही. म्हणून रूपांतरापूर्वीची प्रत स्वतंत्र जपणे आणि रूपांतरित नोंदींपैकी काही मराठी उत्तम जाणणाऱ्या व्यक्तीने डोळ्यांखालून घालणे, ही दोन कामे टाळता येत नाहीत. शिक्षकांची यात मोलाची मदत होऊ शकते.

वडाच्या रोपाची रीत

सारे जुने एका रात्रीत बंद करून दुसऱ्या दिवशी नवे सुरू करावे, हा मोह पुष्कळांना होतो. उद्घाटनाची तारीख ठरविण्यास ते सोयीचे असते. परंतु जुन्या पानांत दडलेले अपवाद त्यात हमखास हरवतात. मार्टिन फाउलर या ब्रिटिश तज्ज्ञांनी २००४ साली वेगळी रीत सुचविली. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडच्या अरण्यात त्यांनी वडाच्या जातीची झाडे पाहिली होती. दुसऱ्या झाडाच्या शेंड्याकडे बी रुजते, मुळे हळूहळू जमिनीपर्यंत उतरतात व कालांतराने आतील झाडाची जागा नवे झाड घेते. जुन्या झाडाच्या ढोलीत वाढणारा वड किंवा पिंपळ आपल्याकडेही कोणी पाहिला नाही असे नाही. त्याप्रमाणे जुन्या संकेतस्थळापुढे एक द्वारपाल आज्ञावली ठेवावयाची. प्रथम एखादीच सेवा, उदाहरणार्थ तक्रारनोंदणी, नव्या चौकटीत बांधावयाची. तिच्या मागण्या नव्याकडे, उरलेल्या जुन्याकडे. ती स्थिरावली की पुढची सेवा हाती घ्यावयाची.

प्रत्येक सेवेच्या आधी जुन्या पानातील नियम वाचून साध्या मराठीत लिहून काढावे लागतात. हे काम एकट्या तंत्रज्ञाचे नाही. “अर्जाची तारीख ३१ मार्च असेल तर पुढील वर्ष धरावे” अशी आज्ञा पानात सापडली, तर ती कोणत्या परिपत्रकामुळे आली हे तेथील जुना लिपिकच सांगू शकेल. ते परिपत्रक रद्द झाले असेल तर आज्ञाही गळावी. मागील वर्षीचे अर्ज जुन्या व नव्या अशा दोन्ही आज्ञावल्यांना देऊन उत्तरे ताडून पाहणे ही सर्वांत भरवशाची चाचणी होय. जेथे उत्तरे जुळत नाहीत, तेथे दर वेळी नवीच चुकलेली असते असे मात्र समजू नये.

पत्त्यांचाही विचार करावा लागतो. परिपत्रकांत, पाठ्यसाहित्यात, वृत्तपत्रांच्या कात्रणांत जुन्या पानांचे पत्ते छापलेले असतात. ब्रिटिश शासनाने १७ ऑक्टोबर २०१२ रोजी आपली दोन मोठी संकेतस्थळे बंद करून गव्ह डॉट यूके हे एकच संकेतस्थळ सुरू केले. रेल्स चौकटीचा त्यात मोठा वापर आहे. त्यावेळी जुन्या पत्त्यांची यादी करून ते योग्य त्या नव्या पानांकडे वळविण्यात आले. हे काम दिसत नाही व त्याचे छायाचित्रही निघत नाही. पण ते न झाल्यास शाळेच्या सूचनाफलकावरील पत्ता लिहून घेणाऱ्या पालकाच्या पदरी कोरे पान पडते.

नव्या साधनांविषयीही तारतम्य हवे. गेल्या दशकात पानाची रचना सर्व्हरवर न करता वापरणाऱ्याच्या यंत्रावरच करण्याची पद्धत लोकप्रिय झाली. फेसबुकने २०१३ साली खुले केलेले रिअॅक्ट हे तिचे ठळक उदाहरण. नकाशे, आलेख, सतत बदलणारे फलक यांना ती शोभते. परंतु पान दिसण्यापूर्वी मोठी आज्ञावली भ्रमणध्वनीवर उतरावी लागते. डोंगराळ भागात, क्षीण संपर्कावर, साध्या भ्रमणध्वनीवर दाखला शोधणाऱ्या ग्रामस्थाला तोवर पांढरा पडदाच दिसतो. सर्व्हरवर तयार होऊन येणारे हलके पान अशा सेवेला अधिक योग्य. या बाबतीत जुन्या पानांची रीत चांगली होती, आणि अलीकडच्या चौकटी तिच्याकडे पुन्हा वळतही आहेत.

चौकट बसविली म्हणजे काम संपले, असाही समज नको. अमेरिकेतील इक्विफॅक्स ही पतनोंदणी संस्था स्ट्रट्स नावाची चौकट वापरीत होती. तिच्यातील दोषावरची दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये उपलब्ध झाली. ती सर्वत्र बसविण्यात आली नाही, आणि मे महिन्यापासून हल्लेखोरांनी सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती नेली. जँगोच्या दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्तीलाही दुरुस्त्या मिळतात त्या सुमारे तीन वर्षे. म्हणून संकेतस्थळाच्या अंदाजपत्रकात उभारणीच्या रकमेबरोबर दरवर्षीच्या देखभालीची तरतूद असावी, आणि करारात आज्ञावलीची संपूर्ण प्रत, डेटाबेसच्या रचनेची नोंद व नियमांचे टिपण कार्यालयाच्या ताब्यात देण्याची अट असावी. ठेकेदार बदलतो, पान चालवावे लागते कार्यालयालाच.

शेवटची सेवा नव्या चौकटीत गेल्यावर जुना सर्व्हर काही काळ “असू द्या, लागला तर” म्हणून चालू ठेवण्याची प्रवृत्ती असते. टॉकटॉकच्या ती तीन पाने अशीच मागे राहिलेली होती. जुन्या माहितीची प्रत अभिलेखात जमा करावी, डेटाबेसमधील जुन्या पानांच्या नावची प्रवेशखाती रद्द करावीत, पत्ते नव्याकडे वळल्याची खात्री करावी आणि मग तो सर्व्हर लेखी आदेशाने, तारीख घालून, बंद करावा.